ऐकायचं म्हणजे काय?

बालमित्रांनो आणि आता 'बाल' म्हटलं की ज्यांना राग येतो अशा माझ्या मोठ्या मित्रमैत्रिणींनो,

आपल्या मराठीत 'ऐकणं' हा मोठा गमतीचा शब्द आहे. पाहा बरं! "गाणं ऐक" म्हटलं की काम कानाचं. पण "हा पोरगा मुळीच ऐकत नाही" असं आजी म्हणते, तेव्हा त्याच्या कानात काही बिघाड नसतो. त्याला ऐकू सगळं येतं, तो सांगितलेलं करत नाही, एवढंच. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले : कानाने ऐकणं आणि म्हणणं मानणं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र. ती विचारते, "बाई, मोठी झाल्यावर मी आईबाबांच्या मनाविरुद्ध काही ठरवलं, तर तो त्यांचा अपमान होईल का?"

प्रश्न छोटा दिसतो, पण त्याने भल्याभल्यांची झोप उडवली आहे. "नाही" म्हणून मोकळं होता येत नाही, अन् "हो" म्हणूनही नाही. म्हणून आज तुम्हाला एका घराची गोष्ट सांगते. घर तुमच्या ओळखीचं आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरुडचे. त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा त्यांनी ठरवलं की पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच. 1893 साली त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. आज यात कुणाला काही वाटणार नाही. पण त्या काळी मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांनाही बसली. अण्णा मागे हटले नाहीत. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि 1916 साली बायकांसाठी वेगळं विद्यापीठ सुरू केलं. चालत आलेली रीत मोडून स्वतःच्या विवेकाने वागलेला हा माणूस.

आता पुढची पिढी. अण्णांचे एक चिरंजीव दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची पत्नी इरावती. तिचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरूनच तिचं नाव ठेवलेलं. तिच्या वडिलांना हे लग्न फारसं पसंत नव्हतं. मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या घरात पडावी अशी त्यांची इच्छा होती. इरावतीने दिनकररावांशीच लग्न केलं. मग 1928 साली तिने आणखी शिकायला जर्मनीला जायचं ठरवलं. नवऱ्याचा पाठिंबा होता. विरोध कुणाचा असेल, सांगा बरं?

सासऱ्यांचा! ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं, त्या महर्षी कर्व्यांना सुनेने परदेशी शिकायला जाणं पसंत नव्हतं.

वर्गात हे सांगितलं की मुलं आधी हसतात आणि मग एखादा विचारतो, "मग अण्णा वाईट होते का?" छे! अण्णा मोठेच होते. पण मोठी माणसंही सगळ्याच बाबतीत पुढचं पाहू शकतात असं नाही. ज्याने स्वतः एक वाट मोडली, त्यालाही घरातल्या पोरांची नवी वाट अवघड वाटू शकते. तुमच्या आईबाबांनीही त्यांच्या तरुणपणी काहीतरी नवं केलंच असेल. गाव सोडलं असेल, घरातली पहिली नोकरी धरली असेल. तरी तुमचं नवं त्यांना पटेलच असं नाही.

इरावती गेली. बर्लिनमध्ये कवट्यांची मापं घेऊन तिने अभ्यास केला. गुरूंना जे उत्तर अपेक्षित होतं, ते मापांतून निघालं नाही. तिने गुरूंना बरं वाटावं म्हणून आकडे बदलले नाहीत. जे दिसलं तेच लिहिलं. 1930 साली डॉक्टरेट मिळवली आणि ती परत आली. पुढे मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ म्हणून आणि 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्या सगळ्यांना माहीत झाल्या.

पण मला आवडते ती याच्या पुढची गोष्ट. आपल्याला विरोध केला म्हणून इरावतीबाईंनी सासऱ्यांशी नातं तोडलं नाही. त्यांच्यावर त्यांनी लेख लिहिला. त्यात आदर आहे, माया आहे, आणि संस्थेच्या कामापायी घरच्यांना काय सोसावं लागलं, तेही स्पष्ट लिहिलं आहे. खोटी स्तुती नाही अन् अपमानही नाही.

मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. आज्ञा पाळणं वेगळं आणि मान राखणं वेगळं. लहानपणी दोन्ही एकत्रच चालतात. आई म्हणते "विहिरीच्या काठावर जाऊ नको", तेव्हा तिथे वाद घालायचा नसतो, ऐकायचं असतं. पण वय वाढतं तसा 'ऐकण्या'चा दुसरा अर्थ हळूहळू मागे सरतो आणि पहिला पुढे येतो. म्हणणं मानलंच पाहिजे असं उरत नाही. पण कान देऊन, शेवटपर्यंत, मध्येच न तोडता ऐकलं मात्र पाहिजे.

कायदाही हेच सांगतो, बरं का! अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो, स्वतःचे निर्णय घेऊ शकतो. पण 2007 सालच्या एका कायद्याने असंही सांगितलं आहे की, ज्या म्हाताऱ्या आईवडिलांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, त्यांना सांभाळणं ही सज्ञान मुलांची जबाबदारी आहे, मुलगा असो वा मुलगी. म्हणजे हक्क आणि जबाबदारी एकाच दारातून आत येतात. एकाला आत घेऊन दुसऱ्याच्या तोंडावर दार लावता येत नाही.

आता म्हणाल, बाई, मोठ्या माणसांचं सांगितलंत, आमच्यासारख्यांचं काय? तर ऐका. माझा एक जुना विद्यार्थी आहे. घरची द्राक्षबाग. वडिलांची इच्छा, पोराने बाग बघावी, नाहीतर पोलिसात भरती व्हावं. पोराला नर्सिंगचा कोर्स करायचा होता. वडील म्हणाले, "ते पोरींचं काम. लोक हसतील." तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. गुपचूप फॉर्म भरून तो पळून गेला नाही. संध्याकाळी वडील बागेतून आले, हातपाय धुऊन बसले, तेव्हा समोर बसून सांगितलं. फी किती, पैसे कुठून आणणार, नोकरी कुठे लागेल, सगळं वहीत लिहून नेलं होतं. शेवटी म्हणाला, "अप्पा, तुमचं समदं ऐकून घेतलं. पण मी जाणार हाय. ऑक्टोबरच्या छाटणीला मात्र दर वर्षी येणार."

वडील चार महिने बोलले नाहीत. तो छाटणीला आला. आजही येतो, रजा काढून. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. वडील अजून लोकांना "पोरगा दवाखान्यात असतो" एवढंच सांगतात, काय करतो ते सांगत नाहीत. त्याला ते लागतं. पण तो म्हणतो, "बाई, त्यांना पटायला वेळ लागंल. मला काय घाई न्हाई."

हे धीर धरणं फार मोठं आहे. स्वतःच्या मनासारखं करायचं आणि वर आईबाबांनी लगेच टाळ्याही वाजवायच्या, असं दोन्ही दर वेळी मिळत नाही. निर्णय आपला, तर त्याचं ओझंही आपलंच.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत लिहून ठेवा. मान राखणं म्हणजे अन्याय सोसणं नव्हे. शाळा सोडायला लावून मुलीचं अठराच्या आत किंवा मुलाचं एकविसाच्या आत लग्न कुणी ठरवत असेल, कुणी मारहाण करत असेल, तर तिथे गप्प बसण्यात कुणाचाच मान नाही. शाळेतल्या बाईंना, गुरुजींना सांगा, किंवा 1098 या क्रमांकावर फोन करा. तो तुमच्यासाठीच आहे.

आणि जे अजून अठराचे नाहीत, त्यांनी काय करायचं? तयारी! रुसून दार आपटण्याऐवजी आपलं म्हणणं चार वाक्यांत, आवाज न चढवता मांडायला शिका. "मला नाही आवडत" याच्यापुढे "कारण" हा शब्द जोडायला शिका. आईबाबा 'नको' म्हणतात, तेव्हा त्या 'नको'च्या मागे काय आहे ते शोधा. कधी पैशांची काळजी असते, कधी लोक काय म्हणतील याची भीती, तर कधी त्यांनी स्वतः खाल्लेली ठेच. कारण कळलं की भांडण निम्मं होतं.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. रविवारी जेवणं झाली की आईला आणि बाबांना, दोघांना वेगवेगळं विचारा : "माझ्या वयाचे होतात तेव्हा तुम्हाला काय व्हायचं होतं? आणि तुमच्या घरचे काय म्हणाले होते?" मध्ये बोलू नका, हसू नका. नुसतं ऐका, पहिल्या अर्थाने.

काय ऐकलंत ते मला जरूर कळवा. पत्रांची वाट पाहते.

तुमची,
बाई