मोबाइलवर प्रमाणपत्रे भरपूर, मग टीईटीची धास्ती का?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, म्हणजे टीईटीबद्दल निकाल दिला. तेव्हापासून मालेगाव, भिवंडी, अकोला, नांदेडपासून कोकणातल्या उर्दू शाळांपर्यंत शिक्षकांच्या तोंडी एकच विषय आहे: नोकरी राहणार का? प्रश्न रास्तच आहे. एका शिक्षकाच्या पगारावर आई-वडील, मुलांची फी आणि घराचे हप्ते चालतात. पण त्याच्या मागे दुसरा एक प्रश्न उभा आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात.

कोरोनापासून शिक्षकांचे बहुतेक प्रशिक्षण मोबाइलवर होत आले आहे. आपल्यापैकी अनेकांकडे प्रमाणपत्रांची पीडीएफ फाइलवर फाइल जमा आहे. त्या प्रशिक्षणांत जे शिकवले गेले, म्हणजे मूल कसे शिकते, त्याची चूक कशी ओळखायची, गणिताची सुरुवात कशी करायची, बरेचसे तेच टीईटीत विचारतात. मग इतके शिकून झाल्यावरही या परीक्षेची एवढी धास्ती का? उत्तर सरळ आहे. प्रमाणपत्र मिळणे वेगळे आणि शिकणे वेगळे. ही दरी भरून काढायची आहे आणि वेळ थोडा आहे.

निकालात नेमके काय आहे

या प्रकरणातले मुख्य अपील महाराष्ट्रातलेच आहे: अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सांगितले की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, शिक्षण हक्क कायद्याच्या आधी लागलेल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावे लागेल. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांची मुदत आहे. निकालाच्या तारखेपासून मोजली तर ती ऑगस्ट २०२७ अखेर संपते. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली आहे ते निवृत्तीपर्यंत नोकरीत राहू शकतात, पण टीईटीशिवाय त्यांना बढती मिळणार नाही. आपल्याकडे प्राथमिक शिक्षकाचे निवृत्तीचे वय ५८ धरले, तर निकालाच्या दिवशी ज्यांचे वय ५३ च्या आत होते त्या सर्वांनी हा विषय स्वतःचा समजावा.

इथे आपल्या समाजात एक मोठा गैरसमज आहे. 'उर्दू शाळा म्हणजे अल्पसंख्याक शाळा, आपल्याला लागू नाही,' असे बरेच जण बोलतात. हे बरोबर नाही. जिल्हा परिषदेची किंवा महानगरपालिकेची उर्दू शाळा ही सरकारी शाळा आहे. माध्यम उर्दू असले म्हणून ती अल्पसंख्याक संस्था होत नाही. अल्पसंख्याक दर्जा आपल्या अंजुमन, सोसायट्या आणि ट्रस्ट चालवतात त्या शाळांना मिळतो. त्यांच्याबाबत न्यायालयाने अंतिम उत्तर दिलेले नाही. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून बाहेर ठेवले होते. तो निकाल योग्य होता का, हा प्रश्न आता मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. म्हणजे या शाळांतल्या शिक्षकांना सध्या थांबायला जागा आहे, कायमची सूट नाही. जो आजपासून अभ्यासाला लागेल त्याचे नुकसान कोणत्याच निकालात होणार नाही.

ऑनलाइन प्रशिक्षणाने काय दिले, काय नाही

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दीक्षा हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचे साहित्य तिथेच उघडते. ऑगस्ट २०१९ मध्ये निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण समोरासमोर सुरू झाले, पण कोरोना आल्यावर ऑक्टोबर २०२० पासून तेही दीक्षावर गेले. मग माध्यमिक शिक्षकांसाठी आणि पायाभूत साक्षरतेसाठी त्याचे पुढचे टप्पे आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले. हे ५० तास मोजायला ऑनलाइन कोर्स सोयीचे पडतात, कारण कोणी किती पूर्ण केले ते स्क्रीनवर लगेच दिसते.

अडचण इथेच आहे. कोर्सची पद्धत ठरलेली: व्हिडिओ, थोडे वाचन, शेवटी प्रश्नावली आणि ७० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तरे फिरतात, हे शिक्षण क्षेत्रात कोणाला माहीत नाही? व्हिडिओ एका बाजूला चालू असतो, दुसऱ्या बाजूला हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंद आणि निवडणुकीचे बीएलओचे काम. याला फक्त शिक्षकांची कामचुकारी म्हणणे बरोबर नाही. वरच्या कार्यालयाला टक्केवारी पाहिजे असते, शाळा टक्केवारी देते. शिक्षकाला विषय समजला का, हे विचारायला कोणी येत नाही.

टीईटीत तशी सोय नाही. १५० मिनिटांत १५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकीच्या उत्तराला गुणवजाबाकी नाही. पेपर कागदावर असतो, बाजूला मोबाइल नसतो. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के म्हणजे ८३. मागच्या अनेक परीक्षांत पास होणाऱ्यांचे प्रमाण एकेरी आकड्यात राहिले आहे. वीस वर्षे उत्तम शिकवणारा शिक्षकही तयारीशिवाय गेला तर अडकू शकतो, कारण शिकवणे हे एक कसब आहे आणि प्रश्न वाचून चार पर्यायांतून एक निवडणे हे दुसरे.

आपली खास अडचण: भाषा

उर्दू माध्यमाच्या शिक्षकापुढे आणखी एक भिंत आहे. शासन निर्णय मराठीत येतो, प्रशिक्षणाचा व्हिडिओ बहुतेक वेळा मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत असतो आणि वर्गात शिकवायचे उर्दूत. डी.एड.ला नफ्सियात शिकलेल्या मुअल्लिमाला 'मानसशास्त्र' कळते, पण 'तअय्युन-ए-कद्र' म्हणजेच 'मूल्यमापन', 'निसाब' म्हणजेच 'अभ्यासक्रम', 'तदरीस' म्हणजेच 'अध्यापन' हे परीक्षेच्या घाईत पटकन जुळत नाही. विषय येतो, शब्द अडतो.

इंटरनेटवर उर्दू साहित्य शोधायला जावे तर वेगळीच पंचाईत. उर्दूतले बरेच छापील साहित्य वर्षानुवर्षे इनपेजवर तयार झाले. त्याच्या जुन्या फाइल युनिकोडमध्ये नसत, म्हणून मजकूर चित्रासारखा करून टाकला जाई. दिसायला नस्तालिक सुंदर, पण गुगलला त्यातला एक शब्दही वाचता येत नाही. त्यामुळे शोधून मिळत नाही, कॉपी होत नाही, भाषांतराच्या अॅपमध्ये टाकता येत नाही. 'उर्दूत काही नाहीच,' असे आपण म्हणतो. काही प्रमाणात आहे, पण बंद कपाटात आहे.

म्हणून मराठीकडे पाठ फिरवून चालणार नाही. टीईटीत दोन भाषांना प्रत्येकी ३० गुण आहेत. उर्दूवाल्याला दुसरी भाषा मराठी किंवा इंग्रजी घ्यावी लागते. १५० पैकी ६० गुण भाषेचे आहेत. कोकणातल्या शिक्षकाच्या घरातच मराठी आहे. जिथे घरात दखनी किंवा उर्दू बोलतात, तिथेही बाजारात, कचेरीत, एसटीत मराठी रोज कानावर पडते. रोज एक मराठी वर्तमानपत्र वाचले आणि शासन निर्णय ग्रुपवर नुसता पुढे न ढकलता स्वतः वाचला, तर भाषेची तयारी अर्धी तिथेच होते.

ऑनलाइन शिक्षण चालते, पण एकट्याने नाही

देशाने हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळवायची मुदत मिळाली. एनआयओएसच्या डी.एल.एड. कोर्सला देशभरातून १३ लाखांहून अधिक शिक्षकांनी नाव नोंदवले. धडे स्वयम या मोफत पोर्टलवर आणि टीव्हीच्या वाहिनीवर होते. पण सोबत जवळच्या केंद्रावर प्रत्यक्ष वर्ग होते, लिहून द्यायचे गृहपाठ होते आणि शेवटी कागदावर परीक्षा होती. त्या योजनेतही त्रुटी होत्या, वादही झाले. तरी त्यातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे: स्क्रीनवर पाहायचे, माणसांत बसून बोलायचे आणि हाताने लिहायचे. यातले एक काढले की बाकीचे ढिले पडते.

आपल्याकडे माणसांत बसून शिकायची रीत नवी नाही. मदरशात एकमेकांना सबक ऐकवायची पद्धत पिढ्यांपासून आहे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने चूक काढायची. मोबाइलच्या कोर्सला ही जोड मिळाली तर तोच कोर्स कामाला येतो.

करता येण्यासारखे

पहिली गोष्ट, अंजुमन आणि शिक्षण संस्थांनी रविवारी शाळेची एक खोली उघडावी. केंद्रातल्या उर्दू आणि मराठी माध्यमाच्या आठ-दहा शिक्षकांनी तिथे दोन तास बसावे. जिल्हा परिषद, महापालिका, खासगी असा भेद नको. एका आठवड्यात दीक्षावरचा एक घटक घरी पाहून यायचा, रविवारी त्यावर बोलायचे आणि शेवटी ३० प्रश्न घड्याळ लावून कागदावर सोडवायचे. मराठीचा शिक्षक मराठी शिकवेल, गणिताचा गणित. क्लासला हजारो रुपये देण्याआधी हे करून बघावे.

दुसरी, शब्दांची वही. मराठी, उर्दू आणि इंग्रजी असे तीन रकाने. प्रत्येकाने रोज पाच शब्द टाकले तरी सहा महिन्यांत प्रत्येकाचे नऊशे होतात. ही यादी मोबाइलच्या युनिकोड उर्दू कीबोर्डवर टाइप केली तर पुढच्या शिक्षकालाही ती शोधून मिळेल.

तिसरी, दाखले. मोमीन, बागवान, तांबोळी, मणियार, अत्तार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. सात गुणांचा फरक छोटा नाही. जातीचा दाखला फॉर्म भरायच्या दिवशी शोधू नये.

चौथी, आडमार्ग नको. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचे उघड झाले आणि ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. 'काम करून देतो' म्हणणारा दलाल घरी आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. पैसा जातो, नोकरी जाते आणि मुलांसमोर मान खाली जाते.

पाचवी गोष्ट घरच्यांसाठी. आपल्या समाजात शिक्षिका मोठ्या संख्येने आहेत. शाळेतून आल्यावर स्वयंपाक, मुले, पाहुणे आणि रात्री अकराला कोर्सचा व्हिडिओ, हे त्यांचे वेळापत्रक असते. घरात आपा, भाभी, अम्मी शिक्षिका असेल तर मगरिब ते इशाचा वेळ तिचा मुतालआचा ठरवून टाका. त्या वेळात चहा दुसऱ्या कोणी करावा. ही मदत कोणत्याही पोर्टलवर मिळत नाही.

हा फक्त शिक्षकांचा प्रश्न नाही

पालकांनी हा विषय 'मास्तरांच्या नोकरीचा' म्हणून सोडून देऊ नये. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि हिशेब यावा, असे निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. ते उद्दिष्ट आपल्या मुलांपर्यंत पोहोचवणारा माणूस वर्गात उभा आहे. २०२७ मध्ये उर्दू शाळांतले शिक्षक कमी झाले आणि जागा वेळेवर भरल्या गेल्या नाहीत, तर एका शिक्षकाकडे तीन-तीन वर्ग जातील. मग पट घसरतो आणि शाळेवर गदा येते.

निकाल कठोर आहे का, अनुभवी शिक्षकांना सूट हवी होती का, यावर संघटना लढत आहेत. त्यांनी लढावे, आपण साथ द्यावी. पण न्यायालयातली तारीख आपल्या हातात नाही, रविवार आहे. येत्या रविवारी आपल्या गावातल्या शाळेची एक खोली उघडते का, हे आधी बघा. उघडत नसेल तर संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांकडे चावी मागायला दोन पालकांनी सोबत जावे.