दुसऱ्याकडून करविणें

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस मोठमोठ्या शब्दांपेक्षां लहान शब्दच अधिक फसवितात, असा प्रस्तुत लेखकाचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. मोठा शब्द अडला म्हणजे विद्यार्थी कोश उघडतो. लहान शब्द आपल्याला येतोच असें समजून तो बेधडक लिहून टाकतो. ‘मेक’, ‘लेट’, ‘हॅव’, ‘गेट’ हीं असलींच चार क्रियापदें होत. एकानें करावें आणि त्यामागें दुसऱ्याचा हात असावा, हा या सर्वांचा सामान्य अर्थ. परंतु तो हात ढकलणारा, बोलावणारा कीं वाट मोकळी करणारा, हें प्रत्येकाचें निराळें. हा भेद केवळ परीक्षेंतील गुणांचा नाहीं, तर माणसामाणसांतील नात्याचा आहे, इतकेंच येथें दाखवावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मुलानें एका वसतिगृहांतील मोफत जागेसाठीं इंग्रजींत अर्ज केला. मध्यें एक वर्ष त्याचें शिक्षण बंद पडलें होतें. त्याचें कारण अर्जांत देणें जरूर होतें. पाऊस न झाल्यामुळें विहीर आटली, बैल विकावे लागले, आणि वडिलांनीं त्याला शाळा सोडावयास लावून आपल्याबरोबर मजुरीस नेलें, अशी खरी हकीकत होती. अर्जांत मात्र त्यानें ‘लेट’ हें क्रियापद घातलें. त्यामुळें वाक्याचा अर्थ असा झाला कीं, मुलालाच शाळा नकोशी झाली होती आणि वडिलांनीं ती खुशाल सोडूं दिली. वाचणाऱ्यांनीं त्या वाक्यावरून जें समजावयाचें तेंच समजलें, आणि जागा दुसऱ्यास दिली. त्या अर्जाखालीं शिफारस म्हणून माझी सही होती. तें वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलें होतें. मनांतून गेलें नव्हतें.

मीं मुलाला विचारलें, “अरे, येथें ‘मेक’ पाहिजे होतें, हें तुला ठाऊक नव्हतें काय?” तो खालीं पाहून म्हणाला, “ठाऊक होतें, सर. पण तसें लिहिलें असतें तर माझे बाबा जुलमी ठरले असते.”

यावर मी काय बोलणार? दोन क्रियापदांतील भेद मुलाला पुरता कळला होता. बापाची अब्रू राखण्यासाठीं त्यानें स्वतःची दवडली होती. त्याला हवें असलेलें तिसरें क्रियापद त्याच्या हातीं देणें, हें माझें काम होतें. आणि तें मीं केलें नव्हतें.

आतां या क्रियापदांकडे वळूं. ‘मेक’ मध्यें करणाऱ्याची इच्छा विचारांत घेतलेली नसते. शिक्षकानें मुलास धडा पुन्हां लिहावयास लावला, तेथें ‘मेक’ योग्य. मात्र त्यांत नेहमींच जुलूम असतो असें नाहीं. गोष्टीनें हसविलें आणि कांद्यानें रडविलें, तरी इंग्रज ‘मेक’च म्हणतो. ‘फोर्स’ व ‘कम्पेल’ यांत विरोध मोडून काढण्याचा भाव स्पष्ट आहे. ‘फोर्स’ म्हटलें कीं बळ डोळ्यांपुढें येतें, ‘कम्पेल’ म्हटलें कीं अधिकार अगर परिस्थिति. ‘ओब्लाइज’ मध्यें कायद्याचें, कराराचें किंवा कर्तव्याचें बंधन आहे. ‘हॅव’ मध्यें विरोधाचा प्रश्नच सहसा निघत नाहीं. ज्याचें तें काम, त्याला सांगितलें आणि त्यानें केलें. मुख्याध्यापकांनीं शिपायाकडून घंटा देवविली, हें ‘हॅव’. ‘गेट’ मध्यें थोडी खटपट आहे. नको म्हणणाऱ्याच्या मागें लागून, त्याला राजी करून, काम करून घेतलेलें असतें. ही खटपट युक्तिवादाची असेल तर ‘परस्वेड’. आणि ‘लेट’ मध्यें आपण कांहींच करवीत नाहीं. जो जाऊं इच्छितो त्याच्या वाटेंतून केवळ बाजूस होतों.

रचनेंतही भेद आहे. ‘मेक’, ‘हॅव’ व ‘लेट’ यांच्या पुढें साधें क्रियापद येतें. ‘गेट’, ‘फोर्स’, ‘कम्पेल’ व ‘परस्वेड’ यांच्या पुढें ‘टू’ लागतो. ‘मेक’चा कर्मणि प्रयोग केला कीं, तेथेंही ‘टू’ येतो. हा नियम मुलें पाठ करतात आणि पुष्कळदा बरोबर लिहितात. ज्या मुलाची हकीकत वर दिली, त्याचें वाक्यही व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतें!

आमची मराठी या बाबतींत दरिद्री आहे असें कोणीं समजूं नये. करविणें, करावयास लावणें, करून घेणें, करूं देणें, गळ घालणें, मन वळविणें, भाग पाडणें, अशी आमचीही संपत्ति थोडी नाहीं. शिवाय ‘भाग पाडणें’ याच्या शेजारीं ‘भाग पडणें’ आहे. त्यांत जबरदस्ती करणारें माणूसच नाहीं, परिस्थितीनेंच अडविलेलें आहे. बापलेकांची खरी कथा हीच होती. अवर्षणास कर्ता करून पुढें ‘कम्पेल’ घातलें असतें, तर बाप जुलमी ठरला नसता आणि मुलगा आळशी ठरला नसता. दुसरा अर्ज आम्हीं दोघांनीं मिळून तसा लिहिला. परंतु जागा गेली ती गेली. तें वर्ष त्या मुलानें गांवाहून रोज पायीं येऊन काढलें.

एका क्रियापदानें एका मुलाची जागा गेली. एका क्रियापदाच्या अर्थावरून हजारों लोकांस छळ सोसावा लागला, असेंही घडलें आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांतील मोठ्या जेवणाच्या दाखल्यांत यजमान आपल्या चाकरास रस्त्यांवरील लोकांना आंत आणावयास पाठवितो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत तेथें ‘कम्पेल’ आहे. कुरेनेकर शिमोनास वधस्तंभ वाहावयास लावलें, तेथेंही त्या भाषांतरांत ‘कम्पेल’च. ग्रीक मूळांत मात्र हीं दोन निरनिराळीं क्रियापदें आहेत, आणि शिमोनाविषयींचें क्रियापद सरकारी कामासाठीं माणसें वेठीस धरण्याचें आहे. एकीकडे भुकेल्यांस जेवावयास आणणें, दुसरीकडे शिपायांची वेठ. यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तरीही पांचव्या शतकाच्या आरंभीं ऑगस्टिनसारख्या थोर धर्मपंडितानें दाखल्यांतील त्या आज्ञेच्या आधारें डोनाटस्-पंथीयांस राजसत्तेच्या धाकानें मंडळींत परत आणणें योग्य ठरविलें. १६८५ नंतर फ्रान्समध्यें प्रॉटेस्टंट लोकांवर अशीच जबरदस्ती चालली असतां, पिएर बेल या परागंदा लेखकानें १६८६ सालीं त्या आज्ञेच्या या अर्थाविरुद्ध ग्रंथच लिहिला. ज्या घरीं मेजवानी आहे, त्या घरीं आग्रह शोभतो. बेडी शोभत नाहीं. हें आमच्याकडील पंगतींत वाढणाऱ्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं.

आतां शेवटचें क्रियापद आम्हां शिक्षकांचें. ‘शिकविणें’ हें ‘शिकणें’ याचें प्रयोजक रूप आहे. पाणिनीनें जो स्वतंत्र त्याला कर्ता म्हटलें आहे, आणि त्या कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्यास हेतु ही संज्ञाही दिली आहे. म्हणजे शिक्षक हा हेतु, शिकणारा विद्यार्थीच. मुलाला बांकावर बसवितां येतें, गप्प करितां येतें, ओळी लिहावयास लावितां येतें. शिकणें मात्र त्याचें त्यालाच करावें लागतें. लहान मुलांस ‘मेक’ वांचून हात धुण्याची व वेळेवर येण्याची संवय लागत नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु पहिल्या इयत्तेंत ‘मेक’ असलें, तर मधल्या इयत्तांत ‘गेट’ यावें, आणि शाळा सोडतांना ‘लेट’ पुरावें. अकराव्या वर्षींही ‘मेक’च लागत असेल, तर दोष विद्यार्थ्याचा मानण्यापूर्वीं आपण आपल्या क्रियापदाकडे पाहावें.

पूर्वीं मी चुकलेलें वाक्य पन्नास वेळां लिहावयास लावीत असें. हल्लीं मी एकच प्रश्न विचारतों: “ज्यानें तें केलें, त्याची इच्छा काय होती?” विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याविषयीं असें वाक्य लिहिण्यापूर्वीं हा प्रश्न आपल्या मनास विचारा. मग योग्य क्रियापद बहुधा आपण होऊन पुढें येईल.