घड्याळ, फावडे आणि माणूस

‘शास्त्रीय व्यवस्थापन’ हा वाणिज्य शाखेच्या क्रमिक पुस्तकातला विषय. आम्ही कलाशाखेची मंडळी इतिहास, मराठी, समाजशास्त्र यांत रमणारी. तेव्हा या विषयाशी आपला काय संबंध, असे कोणीही विचारील. गेल्या वर्षापर्यंत मीही तसेच विचारले असते. पण उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला आणि हा विषय माझ्या मनातून जाईना.

आमचे गाव औसा तालुक्यात. मी नांदेडला मामांकडे राहून बी. ए. करते; माझा धाकटा भाऊ लातूरला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. सुटीत तो घरी आला तोही प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच. ओसरीवर घड्याळ पुढे ठेवून तो उत्तरे लिहीत होता. शेजारी आजी तूर निवडत होती. तिने विचारले, “काय मोजायलास रे?”

तो म्हणाला, “एका प्रश्नाला एक मिनिट, आज्जी. जास्त लागलं की मागं पडतो.”

आजी म्हणाली, “आमचं बी आसंच हुतं बाबा. खडीचा ढीग मोजायचे. कमी भरला की कमी पैसं.”

दोघेही हसले. मला मात्र हसू आले नाही. पन्नास वर्षांचे अंतर असलेली ही दोन माणसे एकाच घड्याळाखाली बसली आहेत, असे मला वाटले.

हे घड्याळ आणले कोणी? व्यवस्थापनशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात तो अमेरिकन अभियंता फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) याने. पोलादाच्या कारखान्यात काम करताना त्याच्या लक्षात आले की, एका दिवसात एका माणसाने किती काम करावे हे मालकालाही ठाऊक नाही आणि मुकादमालाही नाही. सारे अंदाजावर आणि दांडगाईवर चाले. टेलरने हातात थांबघड्याळ घेतले, कामाचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ मोजला. फावड्यावर एका वेळी सुमारे २१ पौंड ओझे असावे, म्हणजे दिवसभरात सर्वांत जास्त माल हलतो, असे त्याने ठरवले. म्हणून हलक्या मालाला मोठे फावडे आणि जड मालाला लहान. बेथलेहेम येथील कारखान्यात एक मजूर दिवसाला साडेबारा टन बीड उचलून गाडीत भरी. टेलरच्या पद्धतीने त्याने साडेसत्तेचाळीस टन भरले. रोजंदारी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ पावणेचारपट, मजुरी मात्र दीडपटीहून थोडी अधिक! या कथेतले सारे तपशील पुढच्या अभ्यासकांनी जसेच्या तसे मान्य केलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९११ साली टेलरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हे विचार जगभर पसरले.

त्याच्या विचारांचे मला तीन भाग दिसतात. काम मोजावे, हा पहिला. ते करण्याची एकच उत्तम रीत शोधावी, हा दुसरा. आणि विचार करणारे वेगळे व हात चालवणारे वेगळे असावेत, हा तिसरा. आजचे व्यवस्थापन कितीही नव्या शब्दांत बोलो, त्याच्या मुळाशी हे तीन भाग आहेतच. गोदामातल्या कामगाराच्या हातातले यंत्र, घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलाच्या फोनवर उलटे धावणारे आकडे, कार्यालयातले मासिक लक्ष्य हे सारे टेलरचेच वंशज आहेत.

आता आपल्या मातीकडे वळू. १९७२ चा दुष्काळ मराठवाडा विसरलेला नाही. तेव्हा लातूर जिल्हा झालेला नव्हता. तो १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांतच माझी आजी होती, नव्या लग्नाची, सतरा वर्षांची. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेतही मजुरी मोजमापावर होती. माती मऊ की मुरूम की खडक, ती किती लांब वाहून नेली, किती उंच चढवली, यांवर दर ठरे. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या मूळ परिशिष्टात तर सात तास काम करणाऱ्या माणसाला सर्वसाधारणपणे ठरलेली मजुरी मिळावी अशा बेताने दर ठरवावेत, असे म्हटले होते.

यात मला दोष दिसत नाही, उलट थोडा न्यायच दिसतो. आजी सांगते, जिथे मोजमाप नव्हते तिथे मुकादमाच्या मर्जीतल्या माणसाला पुरे पैसे आणि बाकीच्यांना बोलणी मिळत. टेप लागली की निदान भांडता येई. मोजलेला ढीग खोटे बोलत नाही. गरिबाच्या हाती हेही एक हत्यार आहे, हे आपण सुशिक्षितांनी विसरू नये.

पण प्रश्न पुढे आहे. ‘सर्वसाधारण माणूस’ म्हणजे कोण? आजीचा पहिला मुलगा तेव्हा पोटात होता. तिचा ढीग कमी भरे आणि आजोबा आपल्या ढिगातली पाटी गुपचूप तिच्याकडे सरकवत. सरकारी दरपत्रकात खडकाला वेगळा रकाना होता, मुरमाला होता. गरोदर बाईच्या थकव्याला रकाना नव्हता. टेलरनेही हे पाहिले होते. बीड उचलणाऱ्या टोळीतल्या आठांपैकी एकालाच ते ओझे झेपणारे होते, असे त्यानेच नमूद केले आहे. उरलेल्या सातांचे काय, हा प्रश्न घड्याळ विचारीत नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी तो विचारला. १९२८ साली दोनऐवजी तीन माग आणि सूतखात्यात एकाऐवजी दोन बाजू सांभाळण्याची सक्ती पुढे आली, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने संपावर राहिले. माझ्या आईचे वडील नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत साळखात्यात होते. ती गिरणी आता बंद आहे. ते म्हणत, “मागाला कान असावा लागतो, धागा तुटायच्या आधी आवाज बदलतो.” हे ज्ञान कोणत्याही तक्त्यात नव्हते, ते त्यांच्या कानात होते. विचार करणारा वेगळा आणि हात चालवणारा वेगळा, हे टेलरचे म्हणणे मला इथेच पटत नाही.

आणि आता लातूर. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्याचे नाव राज्यभर केले, याचा मला अभिमान आहे. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी कोरडवाहू भागातल्या, पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना दाखवून दिले की, बुद्धी ही पुण्या-मुंबईची मक्तेदारी नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांचा अभ्यास, पुन्हा पुन्हा चाचण्या, चुकलेल्या उत्तराची दुरुस्ती, ही शिस्त होती. ती टेलरच्या पुस्तकातून आली असे मी म्हणत नाही. पण तिची जात तीच आहे. कामाचे तुकडे, तुकड्याला वेळ, वेळेचे मोजमाप. तिच्यामुळे कितीतरी शेतमजुरांच्या घरांत डॉक्टर झाले.

पण आज त्या शिस्तीभोवती जो बाजार उभा आहे, तो फक्त घड्याळ ओळखतो. २०२५ च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत १८० प्रश्न होते आणि १८० मिनिटे. माझा भाऊ ज्या वर्गाला जातो तिथे दर आठवड्याला गुणांच्या उतरत्या क्रमाने नावे भिंतीवर लावतात आणि त्याप्रमाणे तुकडी बदलते. तीन महिन्यांत तो पहिल्या तुकडीतून चौथीत गेला. एका रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, “ताई, सूत्र असंच का आहे म्हणून सरांना विचारलं. ते म्हणाले, त्यात वेळ जातो.” मला टेलर आठवला. विचार करणे हे मजुराचे काम नाही, असे तोही मानीत असे. पण विद्यार्थी हा मजूर आहे काय? विचार करणे हेच तर त्याचे काम!

कोणी म्हणेल, घड्याळ नसेल तर लाखो मुलांतून निवड कशी करणार? आक्षेप खरा आहे. मोजमाप टाकून द्या असे मी म्हणत नाही; आजीचा अनुभव मला तसे म्हणू देणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, जे मोजता येते ते जरूर मोजा, पण मोजण्याची रीत ठरवताना ज्याचे मोजायचे त्यालाही विचारा. दरपत्रकात थकव्याला जागा ठेवा आणि वेळापत्रकात ‘का?’ या प्रश्नाला. आणि निवडलेल्या एकाचा फलक चौकात लावताना उरलेल्या सातांसाठीही काही योजना असू द्या. दहावीला टक्के कमी पडले म्हणून मी कलाशाखेत आले, म्हणजे मीही त्या सातांतलीच. येथे मला ‘का?’ विचारायला वेळ मिळाला, हे माझे भाग्य.

भाऊ लातूरला परत निघाला तेव्हा आजीने त्याच्या पिशवीत शेंगांचे लाडू ठेवले. म्हणाली, “ढीग कमी भरला तर सांग बाबा, लपवू नगस. तुझ्या आजोबानं पाटी सरकवली म्हणून मी त्या उन्हाळ्यात तगले.”

त्या रविवारपासून मी त्याला रात्री फोन करते. गुण विचारीत नाही. त्या आठवड्यात कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, तेवढे विचारते. उत्तर मला येत नसले तर महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या सरांना विचारून सांगते. माझ्या हाती एवढीच पाटी आहे.