पंखा झिजणारच, मग तो सुटा का मिळू नये?

मे महिना आला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर गेमिंग लॅपटॉपची रांग लागते. छत्रपती संभाजीनगरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि डिसेंबरात कसाबसा निभावून नेणाऱ्या पंख्याचा दम तिथे संपतो. ही यंत्रं घेऊन येणाऱ्यांत गेम खेळणारे थोडे. लग्नसराईचे व्हिडिओ जोडणारे एडिटर, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, ब्लेंडरवर ॲनिमेशन शिकणारी मुलं, अशीच मंडळी जास्त. ग्राफिक्स कार्डाशिवाय त्यांचं काम होत नाही, म्हणून हप्त्यावर गेमिंग लॅपटॉप घेतलेला असतो. तक्रार बहुतेकांची एकच असते : "ताई, अर्धा तास चांगला चालतो, मग अडकायला लागतो."

माझ्याकडे येईपर्यंत त्यांचे बरेच पैसे गेलेले असतात. कुणी विंडोज पुन्हा टाकून घेतलेलं असतं, कुणी रॅम वाढवलेली असते. काहींच्या हातात मदरबोर्ड बदलण्याचं अंदाजपत्रक असतं आणि तो आकडा ऐकून घरात 'नवाच घेऊ या का' अशी चर्चा सुरू झालेली असते. तळाचं झाकण उघडल्यावर बऱ्याचदा दोष सापडतो तो पंख्यात. मदरबोर्डच्या तुलनेत या पंख्याची किंमत किरकोळ असते. हा प्रकार वर्षानुवर्षं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. लॅपटॉपचा पंखा हा झिजणारा भाग आहे आणि झिजणाऱ्या भागासारखाच तो सुटा, क्रमांकासह आणि जाहीर किमतीला मिळाला पाहिजे. मिक्सरचं कपलर तुटलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात नवं मिळतं. लाखाच्या घरातल्या वस्तूला तेवढीही सोय नसावी, हे मला मान्य नाही.

पंखा का झिजतो, हे समजणं अवघड नाही. काही मिलिमीटर जाडीच्या डबीत बारीक पात्यांचं चाक बसवलेलं असतं. यंत्रावर ताण आला की ते मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतं. त्याचा आस बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरावर फिरतो. उष्णतेने ते तेल हळूहळू सुकतं, त्यात धूळ शिरते आणि आस डगमगू लागतो. आमच्याकडे सिमेंटचे रस्ते, बांधकामं आणि जिनिंगच्या हंगामातला कापसाचा बारीक तंतू, सगळंच हवेत असतं. गोधडीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांच्या यंत्रात तर पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या जाळीमध्ये नमद्यासारखा घट्ट थर जमलेला असतो.

हवा अडली की प्रोसेसर स्वतःला वाचवतो. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची तापमानाची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. तिथे पोचताच तो आपला वेग उतरवतो आणि तरीही भागलं नाही तर यंत्र बंद पडतं. मालकाला दिसतो तो फक्त संथपणा. म्हणूनच दोष सॉफ्टवेअरवर किंवा मदरबोर्डवर ढकलणं सोपं जातं.

निदानाची सुरुवात मी कानाने करते. सुरू करताच घरघर आणि गरम झाल्यावर ती कमी, असं असेल तर बेअरिंग सुकलेलं आहे. ठरावीक लयीत टिकटिक येत असेल तर पात्याला वायर घासते आहे किंवा एखादं पातं तुटलं आहे. यंत्र तापलेलं आणि तरीही आवाज अजिबात नाही, ही सर्वांत वाईट खूण. नंतर हात. गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन पंखे असतात, म्हणून प्रत्येक झरोक्यासमोर टिश्यू पेपरची पट्टी धरते. एका बाजूला पट्टी उडते आणि दुसरीकडे लोंबकळत राहते, तेव्हा कुठे पाहायचं ते कळतं. पंख्याचा आवाज मोठा पण वारा क्षीण असेल तर जाळी तुंबली आहे. वारा जोरदार पण थंड आणि प्रोसेसर मात्र तापलेला असेल, तर उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. अशा यंत्रात नवा पंखा घालून काहीही साधत नाही.

तिसरी पायरी आकड्यांची. एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम तापमान दाखवतो आणि बऱ्याच मॉडेलांवर पंख्याचे फेरेही दाखवतो. ताण देऊन पाहायचं : तापमान चढतं तसे फेरे चढतात का? एक पंखा शून्यावर अडकला असेल किंवा त्याचा आकडा उड्या मारत असेल, तर संशय बळावतो. मग झाकण उघडून चांगला चालणारा, त्याच व्होल्टेजचा आणि त्याच पिनरचनेचा पंखा जोडून पाहायचा. तो फिरला तर जुना पंखा गेलेला. तोही फिरला नाही, तरच बोर्डाकडे वळायचं, कारण पंख्याला वीज देणारा भाग खराब झालेला असू शकतो. मदरबोर्डचं नाव घ्यायची वेळ इथे येते, त्याआधी नाही. ज्या अंदाजपत्रकात फेऱ्यांचा आणि तापमानाचा एकही आकडा नाही, त्यावर सही करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

बदलण्याचं काम नाजूक आहे, पण गूढ मुळीच नाही. आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवायचं, मग बाकीचं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून ज्या जागेचा त्या जागेप्रमाणे कागदावर मांडायचे. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर वरच्या पट्टीला फुगवटा येतो किंवा बोर्डाला इजा होते. पंख्याची पिन वायरला धरून ओढायची नाही, प्लास्टिकच्या पट्टीने अलगद सरकवायची. काही मॉडेलांत पंखा दोन-तीन स्क्रूंवर निघतो. काहींत तो हीटसिंकखाली दबलेला असतो. तिथे हीटसिंक काढला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते आणि थर्मल पॅड फाटला तर त्याच जाडीचा घालावा लागतो. काही महागड्या यंत्रांत पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते वीजवाहक आहे, थेंब घरंगळला तर बोर्ड जाऊ शकतो. असं यंत्र घरी उघडू नये.

घरी धूळ काढणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. ब्लोअर मारताना पातं टूथपिकने अडवून धरा. मोकळा पंखा वाऱ्याने भलत्याच वेगात फिरतो आणि त्यात बेअरिंग जाऊ शकतं. स्टिकर सोलून तेलाचा थेंब सोडण्याचा उपाय परीक्षेच्या आठवड्यापुरता ठीक आहे. त्याने आवाज काही दिवस थांबतो, पण झिजलेला आस भरून येत नाही, आणि बाहेर आलेलं तेल आणखी धूळ धरतं.

इथपर्यंतचं सगळं शिकता येतं, शिकवता येतं. खरी अडचण भाग मिळण्यात आहे. पंख्यावरच्या स्टिकरवर बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक, व्होल्टेज आणि अँपिअर छापलेले असतात. तरीही तोच पंखा मिळवण्यासाठी मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नाहीतर दिल्लीच्या नेहरू प्लेसला फोन फिरवावे लागतात. डावा आणि उजवा पंखा वेगळा असतो. त्याच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत एकात ५ व्होल्टचा, दुसऱ्यात १२ व्होल्टचा पंखा असू शकतो. दिसायला जुळा, पण १२ व्होल्टच्या जागी ५ व्होल्टचा लावला तर तो जळतो. बाजारात नकला भरपूर आहेत. त्यांची पिन जुळते, वेग जुळत नाही, आणि काही महिन्यांत घरघर परत येते. अधिकृत केंद्रात विचारावं, तर कधी 'सुटा पंखा देत नाही, हीटसिंकसह पूर्ण जोड घ्या' असं उत्तर येतं, कधी 'यंत्र इथेच जमा करा' असं. ज्याला पुढच्या आठवड्यात तीन लग्नांचे व्हिडिओ द्यायचे आहेत, त्याने यंत्र जमा करून काय करायचं?

कंपन्यांना हे जमणार नाही, असंही नाही. डेल, एचपी, लेनोवो यांच्या अनेक मॉडेलांच्या दुरुस्ती-पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. कोणता स्क्रू कुठला, हे त्यांत चित्रांसह दिलेलं असतं. माहिती देता येते, तर भागही देता येतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉप विकताना दुरुस्ती-सुलभतेचे दहापैकी गुण दाखवणं बंधनकारक झालं. त्या गुणांत सुटे भाग मिळतात का आणि त्यांची किंमत वस्तूच्या मानाने किती, हे मोजलं जातं.

आपल्याकडेही हालचाल झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवालही मे २०२५मध्ये विभागाच्या हाती आला. मी या सगळ्याचं मनापासून स्वागत करते. पण पोर्टलवर सेवाकेंद्राचा पत्ता मिळून माझ्या टेबलावरचा लॅपटॉप सुरू होत नाही. त्याला पंखा लागतो.

म्हणून मागणी नेमकी करू या. पंखा, बॅटरी, चार्जिंगचं पोर्ट असे झिजणारे भाग प्रत्येक मॉडेलच्या यादीत क्रमांक आणि किमतीसह जाहीर असावेत. ते मालकाला आणि स्वतंत्र दुरुस्तीवाल्याला सारख्याच दरात मिळावेत, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही काही वर्षं मिळत राहावेत. किती वर्षं, ते कायद्याने ठरवावं. सुट्या भागाऐवजी पूर्ण जोड गळ्यात मारायला मनाई असावी. यात कंपनीचं नुकसान नाही. एका पंख्यापायी चालता लॅपटॉप भंगारात जाण्यात मात्र ग्राहकाचं आणि कचऱ्याने भरणाऱ्या गावाचं नुकसान आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात खरेदीची वेळ आहे. दुकानात रॅम किती, कार्ड कोणतं, हे आपण विचारतोच. त्याच दमात विचारा : याचा पंखा सुटा मिळतो का, केवढ्याला, आणि किती वर्षं? पुरेशा लोकांनी हा प्रश्न विचारला, तर दुकानदार वितरकाला विचारेल आणि वितरक कंपनीला. जो याचं उत्तर लेखी द्यायला तयार नाही, त्याच्याकडून हप्त्यावर काहीही घेऊ नका.