टॉर्च मारून कॅन्सर बरा होत नसतो!

गेल्या शुक्रवारी ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं: 'लाल प्रकाशाने कॅन्सर नष्ट, किमोची गरज नाही, साइड इफेक्ट शून्य!' खाली धडाधड अंगठे. सगळे बी.ई., एम.टेक. बरं का! त्यातल्या एकाच्या मावशीचा कॅन्सर यकृतापर्यंत पसरलाय. तो मला विचारतो, "किमो थांबवून हे करून बघायचं का रे?" डोकंच फिरलं.

वैताग हा की फोटोडायनॅमिक थेरपी खोटी नाही. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कार राब या विद्यार्थ्याला दिसलं, की ॲक्रिडिन नावाचा रंग घातलेल्या पाण्यात पॅरामेशियम उजेडात पटापट मरतात, अंधारात तगतात. १९७०च्या दशकात थॉमस डॉहर्टी यांनी अमेरिकेत बफेलोला ही कल्पना पेशंटपर्यंत नेली. फोटोफ्रिन या औषधाला तिथे १९९५ साली अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली.

औषध शिरेतून देतात. ते पेशींत जाऊन गप्प बसतं. ४०-५० तासांनी फायबरमधून ६३० नॅनोमीटरचा लाल लेसर गाठीवर सोडला, की औषधाचा रेणू ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून होणारा सिंग्लेट ऑक्सिजन म्हणजे निव्वळ माथेफिरू! समोर येईल ते प्रोटीन, पेशीचं आवरण, सगळं जाळत सुटतो. पण आयुष्य मायक्रोसेकंदाहून कमी आणि पल्ला एका पेशीच्या रुंदीइतकाही नाही. थोडक्यात, ॲण्ड गेट. औषध, उजेड, ऑक्सिजन, यातलं एक शून्य की उत्तर शून्य.

म्हणूनच नुकसान उजेड पडेल तेवढ्यातच होतं. ही खरी कमाल. पण मर्यादाही तीच, आणि ती फॉरवर्डमधून बरोब्बर गायब! हा लाल उजेड मांसात काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर शिरतो. अन्ननलिकेत, श्वासनलिकेत दुर्बीण घालून पोचता येतं. त्वचेवरच्या उथळ गाठी तर समोरच असतात. अंगभर पसरलेल्या, स्कॅनमध्येही न दिसणाऱ्या पेशींवर लेसर कुठून मारणार, साहेब?

आणि साइड इफेक्ट शून्य? फोटोफ्रिन त्वचेतही उरतं. किमान ३० दिवस ऊन टाळायचं, नाहीतर कातडी भाजते. सनस्क्रीनही कामाचं नाही, कारण इथे साधा दिसणारा उजेडच वैरी. पुण्याच्या मे महिन्यात जमवून दाखवा!

असो. ग्रुपवर एवढंच विचारलं, "गाठ कुठे आहे, आणि तिथे उजेड कसा पोचणार?" अजून उत्तर नाही. मित्राला मात्र लगेच फोन लावला. सोमवारी मावशीच्या किमोची तारीख आहे. म्हटलं, "चुकवू नकोस. गाडी मी आणतो."