चहा घ्या, पण पारखून

दूध घालून कडक चहा आवडत असेल, तर आसामची दाणेदार सीटीसी पावडर घ्यावी. दार्जिलिंगची पाने मात्र उकळू नयेत. त्यांवर उकळते पाणी ओतून ३ मिनिटे झाकून ठेवावे आणि हा चहा दुधाशिवाय प्यावा. सुटी पावडर स्वस्त मिळाली, तरी आधी पारखावी. वापरलेला चोथा सुकवून, रंग लावून विकण्याचे प्रकार घडतात. टीपकागदावर चिमूटभर पावडर पसरून पाणी शिंपडावे. मग पावडर काढून कागद नळाखाली धुवावा. रंगाचे डाग राहिले, तर ती पावडर वापरू नये. चहा इतर वास चटकन ओढून घेतो. म्हणून तो मसाले, साबण यांच्यापासून दूर, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावा आणि महिनाभर पुरेल एवढाच आणावा.