नजरेची तपासणी दुसऱ्या चाळणीला ठेवा




स्वमग्न मूल लवकर ओळखता यावे म्हणून त्याची नजर टिपणारे यंत्र अमेरिकेत वापरात आले आहे. दीड-दोन वर्षांचे मूल आईच्या मांडीवर पडद्यासमोर बसते. पडद्यावर, समजा, दोन मुले एका खेळण्यासाठी ओढाताण करत आहेत. बहुतेक लेकरांची नजर त्यातल्या रडवेल्या चेहऱ्याकडे धावते. एखाद्याची मात्र खेळण्यावर किंवा मागच्या दारावरच खिळून राहते. अवरक्त प्रकाशाच्या मदतीने कॅमेरा ही नजर सेकंदाला शंभराहून अधिक वेळा टिपतो. मुलाला काही बोलावे लागत नाही, कुणाचे ऐकून काही करावे लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी नेमके हेच मोलाचे आहे. भामरागड-एटापल्लीतली आई माडिया बोलते, जिवतीच्या गुड्यावरची कोलामी. ‘हाक मारली की बाळ वळून बघते का?’ हा साधा प्रश्नही दुभाष्यामार्फत विचारावा लागला, तर मिळालेल्या उत्तरावर विसंबता येत नाही. म्हणून हे तंत्र या दोन जिल्ह्यांत यावे, असे मला ठामपणे वाटते. मात्र ते पहिल्या चाळणीला नव्हे, दुसऱ्या चाळणीला वापरावे.

याचे कारण आकड्यांत आहे. 2023 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात या यंत्राची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा तज्ज्ञ केंद्रांतली 16 ते 30 महिन्यांची 475 मुले तीत होती. यंत्राने स्वमग्न मुलांपैकी 71 टक्के बरोबर ओळखली आणि स्वमग्न नसलेल्यांपैकी सुमारे 81 टक्के बरोबर वगळली. पण ही सरसकट गावातली मुले नव्हती. त्यांतली जवळजवळ निम्मी तज्ज्ञांच्या निदानानुसार स्वमग्नच होती. आता हेच यंत्र गावोगावी शिबिरे भरवून हजार मुलांवर चालवले तर? उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या पाहणीत स्वमग्नतेचे प्रमाण ढोबळमानाने शंभरात एक आढळले. त्या हिशेबाने हजारात दहा मुले स्वमग्न. यंत्र त्यांतली सात पकडेल, तीन सुटतील आणि सुमारे 190 मुलांवर विनाकारण शिक्का बसेल. त्या 190 आयांनी धानाची रोवणी सोडून नागपूरच्या खेपा घालायच्या का? याउलट अंगणवाडी सेविका, आशा ताई आणि बाल स्वास्थ्य पथकाने आधी शंकास्पद मुले निवडली, आणि त्यांत निम्मी खरोखर स्वमग्न असली, तर यंत्राने दाखवलेल्या दर चार मुलांत तीन खरी निघतील. यंत्र तेच, फक्त जागा बदलली.

‘इथे कुपोषण आहे, सिकलसेल आहे, मलेरिया आहे, हे चोचले कशाला?’ असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे, अशी योजना 2013 पासून आहेच, आणि तपासायच्या यादीत स्वमग्नताही आहे. वेगळी यंत्रणा उभारायची नाही. शिवाय साधे साधन गावातल्या बाईच्या हाती देऊन जीव वाचवता येतात, हे याच मातीत सिद्ध झाले आहे. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून वाळूचे घड्याळ आणि मण्यांचे श्वासमापक दिले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर उपचार. पुढे 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिल्यावर नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. यंत्राची मोजमापे अमेरिकन मुलांवरून ठरली आहेत. परक्या घरातली, कधी न पाहिलेली खेळणी दिसली, तर कोरचीचे निरोगी मूलही चेहरा सोडून खेळण्याकडेच पाहील. त्यामुळे चित्रफिती इथल्या अंगणातल्या, इथल्या माणसांच्या हव्यात आणि चाचणी इथल्या मुलांवर आधी व्हायला हवी. हे अशक्य नाही. दिल्लीत ‘संगथ’ ही संस्था आणि रीडिंग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांकडून साध्या घरांत टॅब्लेटवर अशी तपासणी करून दाखवली आहे. आणि यंत्रापूर्वी मुलाचे कान तपासलेच पाहिजेत; ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही.

राहिला प्रश्न ओळखल्यानंतरचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, पण प्रमाणपत्राने मूल बोलायला शिकत नाही. त्यासाठी आईला घरीच खेळातून शिकवता येईल असे मार्गदर्शन, तेही तिच्या बोलीत, तालुक्याच्या ठिकाणी मिळायला हवे. ते नसेल तर यंत्र आणूच नये.

दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य प्रशासनाला माझी विनंती आहे, की एटापल्ली आणि जिवती या दोन तालुक्यांपासून सुरुवात करावी: आधी थेरपिस्ट नेमावा, मग यंत्र मागवावे.

आपला,
एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)